पुस्तकांतील आई, घरांतील आई

कर्जत-मुरबाड रस्त्यावरील आमच्या कशेळें गांवीं आषाढ लागला म्हणजे दिवेलागणीलाच रात्र झाल्यासारखें वाटतें. भीमाशंकराकडचे डोंगर ढगांत बुडालेले असतात, खाचरें तुडुंब भरतात, आणि वीज एकदां गेली कीं ती केव्हां परत येईल याचा नेम नसतो. अशाच एका सायंकाळीं आम्ही ओटीवर कंदील घेऊन साने गुरुजींची ‘श्यामची आई’ वाचीत बसलों होतों. आमच्या घरीं कन्या जन्मास येऊन अडीच महिने झाले आहेत. तेव्हां हें पुस्तक एकदां बापाच्या दृष्टीनें वाचून पाहावें, असें मनांत आलें.

विद्यार्थिदशेंत हें पुस्तक वाचून रडला नाहीं असा मराठी वाचक विरळा. पण त्या वेळीं आम्ही सारे श्याम होतों. पोहणें चुकविण्यासाठीं लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर धाडते, तेथें त्या माउलीचा आम्हांस रागच आला होता. आतां निराळेंच दिसलें. पोराला कोणीं भित्रा म्हणूं नये म्हणून जिनें हात उगारला, तीच त्याच्या पाठीवरचे वळ पाहून कळवळते. मुलांस मारावें असें आमचें मत मुळींच नाहीं. परंतु त्या वळांचें दुःख दोघांचें होतें, हें उमगण्यास आम्हांस बाप व्हावें लागलें.

गुरुजींनीं हें पुस्तक नाशिकच्या तुरुंगांत 1933 च्या फेब्रुवारींत अवघ्या पांच दिवसांत लिहिलें. त्यांच्या मातोश्री 1917 सालींच निवर्तल्या होत्या. म्हणजे पंधरा वर्षें तें सारें मनांत सांठलेलें होतें. पांच दिवसांत तें केवळ कागदावर उतरलें. आणि सांठलें होतें तें तरी काय? खुडलेली कळी, घाण लागूं नये म्हणून जपलेले तळवे, धाकट्या भावासाठीं शिवलेला कोट! मूल आपल्या उपदेशांपैकीं काय ठेवील आणि काय टाकील, हें आपल्या हातीं नाहीं; आपण रोज कसे वागतों, तें मात्र तें टिपीत असतें.

असे विचार करीत आम्ही अखेरच्या प्रकरणांशीं आलों. कर्जापायीं घराची अब्रू गेलेली, आई अंथरुणास खिळलेली, आणि शेवटच्या घटकेला श्याम जवळ नाहीं. आमचे डोळे भरून आले. इतक्यांत आमच्या मातोश्री माजघरांतून बाहेर आल्या व म्हणाल्या, “अरे, पुस्तकांतल्या आईसाठीं रडतोस, घरांतली आई दुपारपासून जेवलेली नाहीं. पोरगी केव्हांची रडते आहे, तें ऐकूं येत नाहीं का?”

खरोखरच ऐकूं आलें नव्हतें. आंत सौभाग्यवती एका हातानें पाळणा हालवीत होत्या आणि दुसऱ्या हातानें शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपल्यावरचीं ओलीं दुपटीं उलटीत होत्या. पावसाळ्यांत दुपटीं वाळत नाहींत, हें आम्हांस ठाऊक होतें. तीं वाळवितें कोण, याचा विचार मात्र केला नव्हता.

श्यामचे वडील वाईट नव्हते. पण घर बुडालें त्याचा भार अखेर त्या माउलीच्या देहानें वाहिला. आपण तिच्या सोशिकपणाची थोरवी गातों आणि त्याच थोरवीच्या आड आपल्या घरांतील कामाची वांटणी बिनबोभाट जशीच्या तशी राहूं देतों. याच पुस्तकांत ‘अर्धनारी नटेश्वर’ नांवाचें प्रकरण आहे. पुरुषानें बायकांचीं म्हटलेलीं कामें शिकावींत, हें गुरुजींनीं तेथें स्पष्ट सांगितलें आहे. आम्ही तें अनेकदां वाचलें; परंतु रडूं येत नाहीं अशीं पानें आपण भरभर उलटतों.

त्या रात्रीं मुलीस खांद्यावर घेऊन आम्ही ओटीवर येरझारा घातल्या. सौभाग्यवती चार घास स्वस्थपणें जेवल्या. पहिल्या दिवशीं आमच्या हातून एक दुपटें करपलें. आतां करपत नाहीं.

ज्यांच्या घरीं नुकताच पाळणा हालूं लागला आहे, त्या वाचकांनीं हें पुस्तक अवश्य पुन्हा वाचावें. मात्र तें आत्यांनीं आणि आजींनीं एकट्यांनीं वाचून डोळे पुसावेत असें नव्हे. घरांतील पुरुषांनीं तें मोठ्यानें वाचावें, आणि वाचून झाल्यावर आंत जाऊन कोण जेवावयाचें राहिलें आहे तें पाहावें.