नेटवर्क कार्डावरचा आळ

जळगावच्या एका माध्यमिक शाळेतील संगणक गेल्या वर्षी एकाएकी हट्टीपणा करू लागला. एरवी तो निमूटपणे चाले. परंतु दुसऱ्या संगणकावरून मोठी फाईल उतरवून घ्यावयास लागले, की चार-पाच मिनिटांत आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. पावसाळ्यात वीज कडाडली तेव्हा त्याचे मूळचे नेटवर्कचे द्वार जळाले होते. म्हणून नववीतल्या एका मुलाने, शिक्षकांच्या परवानगीनेच, त्यात निराळे नेटवर्क कार्ड बसविले होते. साहजिकच आळ कार्डावर आला, आणि कार्डाबरोबर त्या मुलावरही. संगणक-कक्षात येण्यास त्याला बंदी झाली.

शंका अगदीच निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० लाख बिट होता. आजचे साधे कार्ड सेकंदाला १०० कोटी बिट वाहून नेते; म्हणजे मोठ्यात मोठी पाकिटे धरली तरी सेकंदाला सुमारे ८१ हजार पाकिटे! ही माहिती कार्ड स्वतःच संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवते. ते चुकीच्या जागी लिहू लागले, तर संगणक कोलमडणारच. परंतु शंका येणे वेगळे आणि दोष सिद्ध होणे वेगळे.

त्या शिक्षकांनी मला बोलाविले, तेव्हा मी एकच अट घातली : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. प्रथम तार बदलली, दोष तसाच. कार्ड दुसऱ्या खाचेत बसविले, दोष तसाच. मग ते कार्ड मी एस.टी.ने धुळ्याला एका स्नेह्यांच्या महाविद्यालयात नेले. तेथील संगणकात ते दिवसभर भार सोसत बिनतक्रार चालले. येताना तिकडचे चांगले कार्ड आणून इकडे बसविले, तर हा संगणक पुन्हा बंद! दोष कार्डाबरोबर प्रवास करीत नव्हता; तो जळगावातच मुक्कामाला होता.

आता भाराची फोड केली. नुसती डिस्क राबविली, संगणक ठीक. नुसते नेटवर्क चालविले, आलेली माहिती साठविलीच नाही, तरी ठीक. नुसता प्रोसेसर तापविला, तरीही ठीक. तिघांना एकदम कामाला जुंपले, की बंद. डिस्कला वीज नेणाऱ्या लाल व काळ्या तारांमधील दाब मल्टिमीटरने मोजला. तो ५ व्होल्टच्या जवळ हवा, ४.७५ च्या खाली तर जाताच कामा नये. भार नसताना तो ४.९८ होता, भार पडताच ४.६ वर आला.

दहावीच्या मुलांना हे कोडे वाटू नये. जुन्या सेलवर एक दिवा लख्ख पेटतो, तीन दिवे जोडले की मंद होतात. कारण प्रवाह वाढला की सेलच्या अंतर्गत रोधातच जास्त दाब खर्ची पडतो. पॉवर सप्लायची रचना सेलहून पुष्कळ गुंतागुंतीची असली, तरी थकल्यावर त्याची गत अशीच होते.

तो थकला का? शाळेच्या मागेच जिनिंगचा कारखाना आहे. कापसाच्या तंतूंनी पंख्याच्या जाळीवर गादीच घातली होती. त्यात मे महिन्यात ४४-४५ अंशांचे आपले खानदेशी ऊन! आतील धारित्रांचे, म्हणजे कपॅसिटरांचे, आयुष्य दर १० अंश तापमानवाढीमागे साधारण निम्मे होते. नवा पॉवर सप्लाय बसविल्यावर संगणक दिवसभर चालला. पण आम्ही तेथे थांबलो नाही. जुना पुन्हा बसविला, दोष परत आला; नवा लावला, दोष गेला. हा खरा पुरावा. (पॉवर सप्लायचा डबा मात्र कोणीही उघडू नये. वीज काढल्यावरही धारित्रांत घातक भार राहू शकतो. मोजमापही शिक्षकांच्या देखत करावे.)

मुलावरची बंदी उठली. पण एवढ्यावर समाधान मानणे मला पटत नाही. प्रयोगशाळेत आपण जे प्रयोग करतो, त्यांची उत्तरे आधीच पुस्तकात असतात. बिघडलेल्या यंत्राचे उत्तर कोणालाच ठाऊक नसते; म्हणून विज्ञानाची खरी परीक्षा तेथे होते. काही शिक्षक म्हणतील, एवढा वेळ कोणाकडे आहे? नवे कार्ड आणून टाकावे, झाले. परंतु तसे केले असते, तर पैसे गेले असते, बिघाड राहिला असता आणि एक निरपराध मुलगा संगणकापासून कायमचा दुरावला असता. प्रत्येक शाळेने संगणक-कक्षात एक बिघाडवही ठेवावी आणि तिच्यातील नोंदी विद्यार्थ्यांनीच कराव्यात, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

शेवटी जो बदलला तो दोषी, असे समजणे सोपे असते. तेच खरे आहे का, हे तपासून पाहणे म्हणजे विज्ञान.