फणसपोळीचा परवाना

पिकलेल्या बरक्या फणसाला बाजारात सहसा कोणी विचारीत नाही. काप्याचे करकरीत गरे पुण्या-मुंबईपर्यंत पोचतात आणि त्यांना भावही मिळतो. बरका मात्र मऊ, रसाळ आणि प्रवास न सोसणारा असल्याकारणाने बहुधा झाडाखालीच फुटून मातीस मिळतो, आणि त्यातला जो थोडा वाचतो तो घरोघरच्या स्त्रियांच्या कष्टाने फणसपोळीच्या रूपात पावसाळाभर टिकतो. हा सारा व्यवहार गेल्या वैशाखात, कोकणातून मुंबईकडे येणाऱ्या एका पॅसेंजर गाडीत, माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसलेल्या एका प्रौढ स्त्रीने मला मोठ्या आस्थेने समजावून सांगितला.

तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत धुतलेल्या पंचात गुंडाळलेल्या पोळ्या. काही विचारण्यापूर्वीच तिने एका पोळीचा कोपरा तोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “खाऊन तर बघा भाऊ, पैशे मागनं द्या.” कडेला किंचित कडक, मध्ये लवचीक, रंगाने तांबूस आणि फणसाचा तो उग्र-मधुर गंध पुरेपूर राखलेली अशी ती पोळी होती. रोवळीवर गर घोळून रस गाळावा, तुपाचा हात फिरविलेल्या ताटात तो पातळ पसरावा, वरचे अंग सुकले की पोळी उलटावी, आणि हे सर्व होईतो सुनेने कावळ्यांपासून व वळवाच्या ढगांपासून राखण करावी. ओल राहिली तर बुरशी धरते आणि सगळी मेहनत फुकट जाते. शेजारच्या मुलाला तिने दुसरा तुकडा दिला व त्याच्या आईने पुढे केलेले पैसे परत सारले. “तिकीट काढून बसते हो मी,” हे तिने आपण होऊन सांगितले. तरीही स्थानक जवळ येताच पिशवी बाकाखाली सरकविली.

त्या सरकविण्यामागे कायद्याचे भय आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 144 व्या कलमात, परवान्यावाचून गाडीत अथवा रेल्वेच्या हद्दीत वस्तू विकणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी सजा लिहिली गेली. पुढे 2014 साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेस संरक्षण देणारा अधिनियम केला. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान 40 टक्के असावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, इतका विचार त्यात आढळतो. परंतु त्याच अधिनियमाच्या पहिल्याच कलमाने रेल्वेची जमीन, आवार आणि गाड्या यांना त्यातून वगळले, आणि रस्त्याच्या कडेला बसून जे काम हक्काने करता येते तेच स्थानकाच्या फाटकाच्या आत गुन्हा ठरले.

रेल्वेची अडचण मी क्षुल्लक मानीत नाही. गर्दीच्या डब्यातून तापलेल्या चहाच्या किटल्या नाचविणे धोक्याचे आहे, आणि कोठे, कशात शिजविले याचा पत्ता नसलेले अन्न प्रवाशांच्या माथी मारणे त्याहून वाईट. पण त्यावर इलाज आधीच सापडलेला आहे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लहान उत्पादकासाठी साध्या नोंदणीची तजवीज झाली, आणि तिचे वार्षिक शुल्क 100 रुपये ठेविले गेले. ज्या घरगुती मालाची अशी नोंदणी झाली आहे, जो सुकलेला आणि टिकाऊ आहे, त्याची विक्री आणि मोठ्या टोळीच्या आश्रयाने चालणारी बेदरकार फेरी यांना एकाच मापाने मोजणे हा मला उघड अन्याय वाटतो. 2022 च्या अर्थसंकल्पात ‘एक स्थानक, एक उत्पादन’ ही योजना जाहीर झाली, तिचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र फलाटावरचा मांडलेला गाळा दिवसभर सांभाळणे ज्या गृहिणीला भात, गुरे आणि नातवंडे सोडून शक्य नाही, तिच्यापर्यंत ती योजना पोचत नाही.

तेव्हा रेल्वे प्रशासनाने चैत्र ते ज्येष्ठ एवढ्या मुदतीचा, ठराविक दोन-चार स्थानकांपुरता आणि मंदगतीच्या गाड्यांपुरता हंगामी परवाना घरगुती पदार्थ विकणाऱ्या स्त्रियांना द्यावा. त्याचा इजारा कोणा मक्तेदाराकडे जाऊ नये. छायाचित्र आणि अन्ननोंदणीचा दाखला एवढ्यावर स्थानकप्रमुखाने तो स्वतःच्या सहीने द्यावा. आणि अर्जाचा निकाल फणस पिकण्यापूर्वी लागावा, कारण मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर हाती आलेला परवाना तिला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत काही उपयोगाचा नाही.