सोल बघा, किंमत नंतर

काजव्यांचे दिवस सरतात, पाऊस धरतो आणि शनिवार-रविवारी भंडारदऱ्याचा रस्ता गाड्यांनी भरून जातो. बारी गावातून कळसूबाईच्या वाटेला माणसांची रांग लागते. शिखर 1646 मीटर उंच, राज्यात याहून उंच काही नाही. या रांगेतल्या तोंडांपेक्षा पायांकडे बघावे. पांढरे स्नीकर, व्यायामशाळेतले धावण्याचे बूट, गुळगुळीत झालेल्या रबरी चपला. आणि मधूनच घोट्याच्या वर जाणारे, हिमालयासाठी घेतलेले महागडे जाड बूट. चपलेवाल्याला सगळे हसतात, जाड बूटवाल्याकडे कौतुकाने बघतात. खरे तर दोघांनीही एकच गोष्ट बघितलेली नाही: आपण कोणत्या जमिनीवर पाय ठेवणार आहोत.

ही जमीन बेसाल्टची आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून सह्याद्रीचा हा भाग घडला. उन्हाळ्यात या कातळावर पाय छान धरतो. पाऊस लागला की चार-सहा आठवड्यांत त्यावर शेवाळ येते आणि तोच कातळ दगा देतो. घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंग ही सारी त्याच पावसाखालची डोंगररांग. खाली खाचरांच्या बांधावर चिखल, वर ओला कातळ, कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या आणि उतरताना मुरमाचा घसारा. एकाच दिवसात, एकाच बुटाने हे सगळे निभावायचे असते.

म्हणून बूट हातात घेतला की आधी उलटा करावा. सोलच्या रबरात अंगठ्याचे नख दाबून बघावे. रबर किंचित दबले तर ते ओल्या दगडाला काही तरी धरेल. नख नुसतेच घसरले, सोल प्लॅस्टिकसारखा टणक लागला, तर वरची नक्षी कितीही देखणी असो, तो बूट दुकानातच राहू द्यावा. स्वस्त स्पोर्ट्स शूजचे पीव्हीसीचे सोल ओल्या फरशीवरसुद्धा सरकतात, तिथे रतनगडाच्या शिडीवर काय टिकणार? मग खाचा बघाव्यात. खोल, सुट्या सुट्या खाचा चिखल आणि घसारा धरतात. पण कातळावर रबराचा जितका भाग टेकेल तितकी पकड, त्यामुळे खाचा फार खोल आणि विरळ असल्या की कातळटप्प्यावर उलटेच होते. आपल्याकडे मध्यम खाचा बऱ्या. टाचेचा भाग पुढच्या सोलपासून वेगळा, पायरीसारखा असावा. शिडीच्या गजावर पाय अडकतो तो त्याच कडेवर.

सोलचे हे महत्त्व जगाला फार मोठी किंमत मोजून कळले. 1935 मध्ये आल्प्समधल्या पुंता रासिकावर सहा गिर्यारोहक दगावले. त्या मोहिमेचे नेतृत्व करणारा विताले ब्रामानी हा मिलानचा गिर्यारोहक त्यानंतर दगडावर आणि थंडीत दोन्हीकडे चालेल असा बूट शोधू लागला. 1937 मध्ये त्याने खोल खाचांचा रबरी सोल आणला. आज ‘व्हिब्राम’ म्हणून अनेक बुटांखाली पिवळा शिक्का दिसतो, ते त्याच्याच नावाचे संक्षिप्त रूप.

वॉटरप्रूफ बुटांचे आकर्षण मात्र इथे सोडून द्यावे, असे आमचे ठाम मत आहे. आषाढातल्या पावसात पाणी बुटाच्या वरच्या तोंडातून, पँटवरून ओघळत आत जाते. सांदण दरीत तर वाटच पाण्यातून आहे. जे अस्तर पाणी आत येऊ देत नाही, ते आत आलेले पाणी बाहेरही सोडत नाही. मग दिवसभर भिजलेल्या, पांढऱ्या पडलेल्या तळव्यावर फोड उठतात. जाळीच्या कापडाचा बूट चटकन भिजतो, पण दहा पावलांत पाणी टाकतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे ‘अ‍ॅक्शन’चे साधे ट्रेकिंग बूट वापरले ते केवळ स्वस्त म्हणून नव्हे. इथल्या कातळावर ते धरतात, हा अनुभव एका पिढीने दुसरीला सांगितलेला आहे. बर्फावरच्या आठ दिवसांच्या मोहिमेला दुसरा बूट लागेल. तो तिथे घालावा.

माप घ्यायला संध्याकाळी जावे, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो. डोंगरात घालणार तेच मोजे घालून बघावेत. पुढे अंगठ्याला बोटभर जागा हवी, नाही तर कळसूबाई उतरताना नखे काळी पडतात. टाच मात्र उचलली जाता कामा नये.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. दोन-चार वर्षे माळ्यावर पडून राहिलेले बूट नव्यासारखे दिसले तरी त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. सोलच्या वरचा पॉलियुरेथेनचा मऊ थर दमट हवेत आतून झिजत राहतो, गोंदही सुटतो. असा बूट अर्ध्या वाटेवर तोंड उघडतो आणि सोल चिखलात राहतो. म्हणून कोणताही बूट निघण्याआधी आठवडाभर घालून फिरावे.

हे सगळे ज्याच्या त्याच्या आवडीवर सोडावे, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते मान्य नाही. डोंगरात घोटा मुरगळला की ती गोष्ट एकट्याची राहत नाही. शिड्यांवरून त्या माणसाला खाली आणणारे हात बारीच्या, रतनवाडीच्या, साम्रदच्या पोरांचे असतात. आवणीची कामे टाकून, रात्रीच्या पावसात, अनेकदा साध्या चपलांवर ते वर जातात. त्यांचा पाय लहानपणापासून याच कातळावर घडलेला आहे. त्यांचे बघून आपणही चपलेवर निघणे हा वेडेपणा आहे. त्यांच्या जोडीला बचाव पथकांतले स्वयंसेवक शहरांतून रात्री निघून येतात, तेही पदरमोड करून.

ट्रेकसाठी माणशी पैसे घेणाऱ्या आयोजकांच्या यादीत ‘चांगले शूज आणा’ एवढीच ओळ असते. ‘चांगले’ म्हणजे काय, हे त्यांनी लिहिले पाहिजे: रबर मऊ, खाचा शाबूत, टाच वेगळी, बूट आधी घालून चाललेला. आणि गाडी पुण्याहून, मुंबईहून, नाशिकहून सुटण्याआधी, सामान चढवतानाच, प्रत्येकाचे सोल उलटे करून बघितले पाहिजेत. बारीला पोहोचल्यावर परत पाठवायला जीव होत नाही. निघतानाच गुळगुळीत सोलवाल्याला त्याचे पैसे परत देऊन घरी थांबवावे.