मकबऱ्याची बाहुली आणि २९१८ टाके

मंडळी, आज कोड नाही, सिनेमा नाही, आणि ऑनसाइटच्या गोष्टीही नाहीत. आज लोकर. गेले तीन वीकांत मी पाचोडला घरी बसून क्रोशाने बीबी का मकबरा विणला. तळहातावर मावेल एवढी, आत कापूस भरलेली बाहुली. घुमट म्हणजे तिचं डोकं, त्याखाली दोन काळे डोळे आणि एक बारीकसं हसू, बाजूला चार मिनार. "अरे पण का?" हा प्रश्न आईपासून टीम लीडपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, त्यामुळे तो तुम्ही विचारू नका. मला बोलायचंय ते दुसऱ्या प्रश्नाबद्दल, जो त्यानंतर लगेच येतो: "सामान कितीचं लागलं?"

या प्रश्नाचा मला राग येतो. का येतो ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

आधी मकबराच का, ते. पाचोड पैठण तालुक्यात, बीडच्या रस्त्यावर. आमच्या गावचं नाव घेतलं की लोकांना मोसंबी आठवते, आणि मोसंबी विणणं म्हणजे नुसता पिवळा गोळा! शाळेची सहल मात्र ठरलेली असायची, पाणचक्की आणि मकबरा. तेव्हाचं औरंगाबाद, २०२३ पासूनचं छत्रपती संभाजीनगर. आणि दरवर्षी सर तेच वाक्य ऐकवायचे: हा गरिबांचा ताजमहाल. आम्ही पोरं बिचारी खजील व्हायचो. दुसऱ्यांकडे खरा, आमच्याकडे डुप्लिकेट.

पुढे इंजिनिअरिंग करून एस्टिमेट, बजेट, स्कोप या भानगडीत पडल्यावर ते वाक्य खटकायला लागलं. ताजमहालाचा खर्च साधारण ३ कोटी २० लाख रुपये सांगतात. मकबऱ्याचा नोंदवलेला आकडा आहे ६,६८,२०३ रुपये ७ आणे. (ते ७ आणे मला फार आवडतात. कुणीतरी बसून हिशोब जुळवलाय!) भागाकार करा, जवळपास ४८ पट फरक. क्लायंटने येऊन सांगितलंय की मागच्या प्रोजेक्टसारखंच हवं, पण बजेट अठ्ठेचाळीसावा हिस्सा. आता तुम्ही काय कराल? मी तरी राजीनामा देईन.

ज्याच्यावर हे काम पडलं त्याने राजीनामा दिला नाही. त्याचं नाव अताउल्ला, आणि तो ताजमहालाचा मुख्य रचनाकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाने जे संगमरवरात केलं ते पोराने असं केलं: खालच्या कंबरपट्ट्यापर्यंत संगमरवर, म्हणजे माणूस जवळ जाऊन हात लावेल तिथे. वर घुमट संगमरवराचा, कारण लांबून तोच दिसतो. मधल्या सगळ्या भागात आपला इथला काळा बेसाल्ट, त्यावर पांढरा गुळगुळीत गिलावा, आणि गिलाव्यात वेलबुट्टी. आमच्या भाषेत बोलायचं तर युजरला दिसणाऱ्या पडद्यावर खर्च केला, बॅकएंडला जे स्वस्तात चालतंय ते वापरलं. आणि हे चाललं! ३६० वर्षं झाली, चालतंय.

काम कुणी काढलं यातही गंमत आहे. शहाजादा आझमशहाने आईसाठी, म्हणजे दिलरस बानू बेगमसाठी मकबरा बांधला, असं आपण ऐकत आलोय. दिलरस बानू गेली १६५७ मध्ये, बांधकाम धरतात १६६०-६१ चं, आणि आझमशहाचा जन्म १६५३ चा. म्हणजे प्रोजेक्टचा स्पॉन्सर सात-आठ वर्षांचा! पैसे वडिलांचेच असणार, उघड आहे. औरंगजेबाचं नाव आलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडोत बापड्या. मला त्या इमारतीतला बादशहा महत्त्वाचा वाटत नाही, दरवाजा महत्त्वाचा वाटतो. कारण प्रवेशद्वारावरच्या लेखात दोन नावं आहेत: रचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय. इंजिनिअरचं नाव दारावर! आमच्याकडे कोडच्या वर कॉमेंटमध्ये स्वतःचं नाव लिहिलं तर रिव्ह्यूमध्ये काढायला लावतात.

असो. आता बाहुली.

विणायला शिकवलं आत्याने. ती तीसेक वर्षं क्रोशाचं काम करतेय. तोरणं, ताटावरचे रुमाल, देवघराचे पडदे, आणि अख्ख्या भावकीतल्या मुलींची रुखवतं. आमच्या घरातल्या टीव्हीवर तिचाच रुमाल होता. मग टीव्ही चपटे होऊन भिंतीला चिकटले आणि रुमाल बेकार झाले. मी सुई हातात घेतल्यावर तिने तासभर नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "बाळा, विणायलास का कुस्ती खेळायलास? सुई सैल धर." तिथून पुढे जरा जमलं.

क्रोशाची आपल्याकडची भाषा ऐकलीत का कधी? साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. लोकरीला वेढे देऊन उंच घातला तो खांब, वेढा न देता घातलेला बुटका तो मुका खांब. इमारतच की ही! या असल्या बाहुल्यांना जगभर जपानी नाव आहे, अमिगुरुमी, आणि त्यांत जवळजवळ सगळं काम मुक्या खांबांचं, गोल गोल, घट्ट, आतला कापूस बाहेर दिसू नये म्हणून.

त्यातलं गणित कळलं तेव्हा मला खरा चेव आला. घुमट सुरू होतो ६ टाक्यांच्या फासातून. पुढच्या फेरीत १२, मग १८, २४, ३०, ३६. दर फेरीला ६ च का? आत्या म्हणाली, "सहाच असतात." मी कागद घेतला. वर्तुळाची त्रिज्या एकने वाढली की परीघ २π ने, म्हणजे ६.२८ ने वाढतो. मुका खांब जेवढा उंच साधारण तेवढाच रुंद, म्हणून दर फेरीला सहाच्या आसपास टाके वाढवले की चकती सपाट राहते. चौकोनाला मात्र दर फेरीला ८ लागतात, चार कोपरे, प्रत्येकी दोन. वाढ थांबवली की भिंत उभी राहते, कमी करत गेलं की वाटी मिटते. गरजेपेक्षा जास्त वाढवत गेलात तर कडेला झालरी पडतात. या झालरींवरूनच १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना यांनी अतिपरवलयी भूमितीचं हातात धरता येईल असं मॉडेल विणून दाखवलं. गणितवाले कागदाचे तुकडे चिकटवून जे करू पाहत होते आणि जे फाटत होतं, ते एका बाईने क्रोशाने केलं. आत्याला हे सांगितलं तर म्हणे, "झालरीचा रुमाल तर मी लग्नाआधी केलता."

मग मी सवयीने एक्सेल उघडलं. घुमट ४१४ टाके. मधली इमारत, तळ-भिंती-माथा मिळून १००८. चार मिनार, प्रत्येकी ८ टाक्यांच्या २२ फेऱ्या, म्हणजे ७०४. चौथरा ६२४. घुमटाभोवतीच्या चार छत्र्या १६८. एकूण २९१८ टाके. रंगही अताउल्लाच्या हिशोबाने: कंबरपट्टा आणि घुमट शुभ्र पांढरा, मधला भाग किंचित मळकट पांढरा. आत बेसाल्टच्या जागी कापूस. मिनार लुळे पडू नयेत म्हणून त्यात उदबत्तीच्या काड्या.

विणताना एक गोष्ट लक्षात आली. मकबऱ्यावर जुनी टीका आहे की मधली इमारत मिनारांच्या मानाने अरुंद, चेंगरल्यासारखी वाटते. इमारत म्हणून असेलही. पण बाहुली म्हणून तेच प्रमाण झकास दिसतं! अंग लहान, डोकं मोठं, बाजूला उंच हात वर केलेले. ताजमहालाची बाहुली भारदस्त मावशी झाली असती. ही आमची पोरगी वाटते.

तर आता तो प्रश्न. सामान कितीचं? १६० रुपये. लोकर १२०, कापूस ३०, डोळे १०. हे उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा सैलावतो. अच्छा, म्हणजे दीडशेची वस्तू. हापिसातल्या एकाला ती आवडली, त्याने बहिणीसाठी मागितली आणि आपण होऊन भाव सांगितला, "तीनशे देतो ना, डबल!" मला पहिली बाहुली करायला नऊ-दहा तास गेले होते, तो शिकाऊपणा सोडून द्या. दुसरी आत्याने केली आणि मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावला. जोडकाम, कापूस, डोळे धरून ५ तास १० मिनिटं. तीनशेतून १६० वजा करा, उरले १४०. तासाला २७ रुपये. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या हाताला!

गंमत ही की हे बोलणारा माणूस माझ्याच धंद्यातला. आमच्या धंद्यात कच्चा माल कुठला? वीज आणि चहा. तरी आम्ही क्लायंटला मनुष्यदिवसांत बिल लावतो, आणि "सॉफ्टवेअरला सामान काय लागलं?" असं आम्हाला कुणी विचारत नाही. तास मोजायचे हे आम्हाला पक्कं कळतं. लोकर दिसली की विसरतो.

आणि अजून एक, हे जास्त झोंबतं. मी फोटो टाकल्यावर चार जणांनी सुचवलं, "भारी आहे, स्टार्टअप काढ, पेज सुरू कर." मी तीन वीकांतांचा विणकर. आत्याने तीस वर्षांत घरं भरून टाकली, तिला आम्ही सगळे काय म्हणत आलो? "बरंय, वेळ जातो तिचा." रुखवत एक दिवस मांडतात, चार बाया वा वा करतात, नवरीकडचे कौतुकाने फोटो काढतात, आणि त्या कामाचा हिशोब कुठेच लागत नाही. हे फक्त आमच्या घरातलं नाही. मारिया मीस यांनी १९८२ मध्ये 'द लेस मेकर्स ऑफ नर्सापूर' हे पुस्तक लिहिलं, आंध्रातल्या नर्सापूरच्या क्रोशा विणणाऱ्या बायकांवर. माल परदेशात जात होता, व्यापारी कमावत होते, आणि विणणाऱ्या बायका गृहिणीच समजल्या जात होत्या, काम म्हणजे फावल्या वेळातला उद्योग. फावला वेळ हा शब्द कसा स्वस्त पडतो बघा, ज्याला विकत घ्यायचंय त्याला.

"मशीनचं दोनशेला मिळतं" हा पुढचा मुद्दा येतो. मिळतं, शिवलेलं मऊ खेळणं मिळतं, खुशाल घ्या. पण क्रोशाचं म्हणाल तर मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्येच आलं होतं, आणि हाताच्या क्रोशाची हुबेहूब नक्कल करून कारखान्यात माल काढणारं यंत्र आजही बाजारात नाही. जर्मनीतल्या प्रयोगशाळेत प्रयत्न चालू आहेत एवढंच. म्हणजे मॉलमध्ये चारशेला टांगलेला खरा क्रोशाचा टॉप दिसला तर तो कुणीतरी हातानेच विणलाय. कुठे, किती तासांत आणि किती पैशांत, ते लेबलवर नसतं.

उलट बाजूही ऐकून घेतो. भाव बाजार ठरवतो, टाके नाही. सातशे रुपयांना लोकरीचा मकबरा कुणी घेणार नसेल तर नाही घेणार. मान्य आहे. मी कुणाला "हस्तकलेला प्रोत्साहन द्या" म्हणत नाहीये, त्या शब्दात मला भीक दिसते. आमच्या कंपनीला कुणी प्रोत्साहन देत नाही, टाइमशीटवर सही करतं. नको असेल तर घेऊ नका. पण "सामान तर दीडशेचं" म्हणून भाव पाडू नका, आणि विकलं नाही गेलं तरी ते काम होतं हे मान्य करा. बेसाल्टवर गिलावा चढवणाऱ्याचे हातही संगमरवर तासणाऱ्याइतकेच दुखले असणार.

मी आत्याला तासाला १०० रुपये धरून हिशोब दाखवला. १६० अधिक ५१७, म्हणजे ६७७. तिने एक्सेलकडे असं पाहिलं जणू मी घर विकायला काढलंय. "एवढे कोण देतंय रे?" मग बराच वेळ गप्प. हापिसातल्या त्या मित्राला मी ७०० सांगितले. तो दोन दिवस विचार करून हो म्हणाला. अजून एकीने मागितली, तिसऱ्याने सरळ नाही म्हणून सांगितलं, आणि ते मला जास्त आवडलं.

आता आत्याचे नियम असे: महिन्याला चारच. मोसंबीची तोड चालू असली की एकही नाही. मिनार तिला कंटाळवाणे वाटतात, त्यामुळे ते मी करायचे आणि तेवढे तास तिच्या हिशोबातून वजा. चौथऱ्याखाली जे कापड लावतो त्यावर काळ्या दोऱ्याने ती स्वतःचं नाव घालते. तिसऱ्या बाहुलीपासून ती नावाखाली तासही घालायला लागलीये. परवाच्या बाहुलीवर ४ तास ५५ मिनिटं आहेत.