वादळाला आतून कोण बघणार?

"एवढे उपग्रह वर फिरत असताना वादळात विमानं घालायची गरजच काय?" मंडळी, आपल्या आयटीवाल्यांच्या जेवणाच्या टेबलावर हा प्रश्न हमखास निघतो. वर "आता तर एआय आहे की!" ही पुरवणी. मला विचाराल तर हा प्रश्न हुशारीचा वाटतो, पण आहे आळशी.

सुरुवात हौसेतूनच झाली, हे कबूल. 27 जुलै 1943 रोजी कर्नल जोसेफ डकवर्थ टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनजवळच्या हरिकेनमध्ये शिरले, तेही एका इंजिनाचं प्रशिक्षणाचं विमान घेऊन! पण आज हे काम म्हणजे स्टंट नव्हे. अमेरिकी हवाई दलाची सी-130 आणि 'नोआ'ची पी-3 विमानं साधारण 3 किमी उंचीवरून वादळाच्या डोळ्यातून आरपार जातात आणि वाटेत ड्रॉपसाँड सोडतात. ड्रॉपसाँड म्हणजे छोट्या पॅराशूटला लटकलेली एक नळी. समुद्रात पडेपर्यंतच्या काही मिनिटांत ती दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा रेडिओवरून कळवत राहते.

उपग्रहाला हे जमत नाही का? त्याला दिसतात ते मुख्यतः ढगांचे माथे. त्यांच्या आकारावरून वाऱ्याचा अंदाज बांधायची ड्वोरॅक पद्धत 1970च्या दशकातली. पद्धत उत्तमच, पण शेवटी अंदाज. काही उपग्रह समुद्रावरचा वारा मोजतातही, पण ते वरून जातील तेव्हाच. डॅशबोर्ड हिरवा असताना सर्व्हर झोपलेला ज्यांनी पाहिलाय, त्यांना मी अजून काय सांगू?

24 ऑक्टोबर 2023. मेक्सिकोजवळचं 'ओटिस' इतकं वाढेल, हे मॉडेल्सना कळलंच नव्हतं. दुपारी विमान आत गेलं आणि वादळ अंदाजापेक्षा कितीतरी जोरदार निघालं. मध्यरात्रीनंतर ते श्रेणी 5 चं होऊन अकापुल्कोवर आदळलं. विमान गेलं नसतं तर ते काही तासही मिळाले नसते. आणि एआयचं म्हणाल, तर त्याला शिकायला आणि तपासायलाही कुणीतरी मोजलेले आकडे लागतातच ना?

धोका आहेच. 1955 मध्ये 'जॅनेट' वादळात गेलेलं अमेरिकी नौदलाचं विमान 11 जणांसकट परत आलं नाही. तरीही उड्डाणं थांबली नाहीत, कारण किनाऱ्यावरची माणसं संख्येनं कितीतरी जास्त असतात.

आता आपल्याकडे या. मे 2021 मध्ये 'तौक्ते' मुंबईसमोरून गेलं, तेव्हा त्याच्या डोळ्यात एकही विमान शिरलं नाही. इशारे वेळेवर दिले गेले, त्याचं श्रेय हवामान खात्याला द्यायलाच हवं. पण वादळ खोल समुद्रात असताना त्याची ताकद ठरली ती मुख्यतः चित्रं बघून. रॉकेटं उडवणाऱ्या देशाला हे परवडत नाही, असं मला कुणी सांगू नये.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "उपग्रह आहेत की" म्हणालं, तर एवढंच विचारा: डोळ्यातला दाब किती होता, आणि तो मोजला कुणी?