आधी तिचं ताट

मैत्रिणींनो,

गेल्या महिन्यात वस्तीतल्या आमच्या गटाच्या बैठकीत विषय होता आहार आणि प्रतिकारशक्ती. विषय बायकांनीच मागितला होता. फोनवर रोज काहीतरी येतं. शेवग्याच्या पाल्याने साखर उतरते, आवळ्याने आजार जवळ येत नाही, हळदीने गाठी विरघळतात. खरं काय, खोटं काय, ते सांगा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, आधी प्रत्येकीने काल दिवसभरात काय खाल्लं ते सांगा, मग बोलू.

पहिली म्हणाली, "सकाळी पोहे केले. मुलांच्या डब्यात पोळी-भाजी दिली. ह्यांना भाकरी आणि उसळ, सासूबाईंना मऊ भात."

"अगं, हे तू केलंस. खाल्लंस काय?"

ती जरा थांबली. "दोनदा चहा झाला. दुपारी चहाबरोबरच कालची पोळी. रात्री उसळ संपली होती, मग रश्श्यात भाकरी कुस्करली."

एकीमागून एक बायका बोलत गेल्या. घरातल्या प्रत्येकाच्या खाण्याचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता, स्वतःचा मात्र आठवून आठवून सांगावा लागत होता. दोघींचा त्या दिवशी उपवास होता, म्हणजे साबुदाणा, म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. दूध बहुतेकींच्या पोटात गेलं होतं ते चहातून. अंडं एकीनेच खाल्लं होतं, तेही मुलाने अर्धं टाकलेलं.

प्रतिकारशक्तीची चर्चा इथूनच सुरू करायला हवी, असं मला वाटतं.

२०२० साल आठवा. करोना आला आणि घराघरांत काढा उकळू लागला. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी. सरकारच्या आयुष मंत्रालयानेच तो सुचवला होता. बाजारात बिस्किटापासून तेलापर्यंत प्रत्येक वस्तूवर 'इम्युनिटी' छापलं गेलं. काढा कोणी केला? बायकांनी. सर्वांना देऊन उरला तर तिने घेतला. एक काम वाढलं आणि घरात कोणी आजारी पडलं तर "तू नीट खायला घातलं नाहीस" हा ठपकाही वाढला.

शास्त्र काय सांगतं ते स्पष्ट बोलू या. पोटभर आणि चौरस जेवणाऱ्या माणसाची प्रतिकारशक्ती एखाद्या पदार्थाने किंवा चूर्णाने जादूसारखी वाढते, याला पुरावा नाही. पण प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं आणि एकूण अन्नच कमी पडलं तर ती नक्की खचते. म्हणजे प्रश्न जादूच्या पदार्थाचा नाही, रोजच्या जेवणाचा आहे.

याचा भक्कम पुरावा झारखंडमधून आला आहे. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या पुढाकाराने २०१९ ते २०२२ या काळात तिथे क्षयरोग्यांच्या कुटुंबांचा मोठा अभ्यास झाला. २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं त्यात होती. सगळ्या रुग्णांना औषधांबरोबर शिधा मिळाला. निम्म्या गटात घरातल्या इतर माणसांनाही दिला. मोठ्या माणसामागे महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या, एवढंच. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं, आणि थुंकीतून पसरणाऱ्या क्षयाचं जवळजवळ निम्म्याने. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यात कुठलाही महागडा पदार्थ नाही. डाळ-भात आहे.

म्हणून औषध सोडायचं असं नाही, हे गटात ठणकावून सांगा. मद्रासला १९५६ पासून झालेल्या प्रयोगाने दाखवलं होतं की नियमित औषधं घेतली तर गरिबाघरचा रुग्ण घरी राहूनही बरा होतो. ते आजही खरं आहे. पण त्याचा अर्थ असा लावला गेला की अन्नाचं काही अडत नाही. ही चूक सुधारायला साठ वर्षं लागली.

आता साखरेच्या आजाराकडे या. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पाहणी सांगते. आपल्याला वाटतं, हा खाऊनपिऊन सुखी लोकांचा आजार. मग शेतात राबणाऱ्या, अंगाने किडकिडीत बाईला तो का होतो? याचं एक उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांतून मिळालं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तिथे गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बाळं वजनाला कमी होती, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढे मधुमेहाचा धोका असतो तो अशा अंगकाठीला. ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त, त्यांची बाळं वजनाने बरी निघाली. ज्यांच्या वाट्याला शेतातलं, पाण्याचं, घरातलं काम जास्त, त्यांची लहान. म्हणजे ताटाबरोबर डोक्यावरच्या हंड्याचाही हिशेब करायला हवा.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून याचा पुढचा प्रयोग झाला. बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला गेला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. निदान तीन महिने आधी ज्यांनी खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचं वजन मात्र थोडं वाढलं. आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण शेकडा १२ वरून ७ वर आलं. दिवस गेल्यावर घाईघाईने खायला घालणं उशिराचं असतं, हा याचा अर्थ.

पण इथे एक धोका आहे. 'आजाराचं मूळ आईच्या पोटात' हे वाक्य उद्या बाईच्याच डोक्यावर मारलं जाईल. मुलाला पुढे साखर झाली तर "तू गरोदरपणी नीट खाल्लं नाहीस" असं तिला ऐकवलं जाईल. म्हणून आपण आत्ताच ठामपणे म्हणायला हवं की ती खात नाही, तिला उरत नाही. आणि तिने खायला हवं ते केवळ निरोगी मूल व्हावं म्हणून नव्हे, तर ती माणूस आहे म्हणून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. देशात बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये २५. पाळी आणि बाळंतपणं हे कारण आहेच, पण ज्या शरीरातून रक्त जास्त जातं त्याच्याच ताटात कमी वाढायचं, हा न्याय निसर्गाचा नाही.

सरकारी योजनांचं गणितही असंच आहे. आदिवासी भागातली अमृत आहार योजना २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण देते. चांगलंच आहे. पण पोटात मूल नसलेल्या बाईच्या भुकेचं काय? क्षयरोग्याच्या खात्यात २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये येत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले गेले. आमच्या गटातल्या एकीला ते मिळाले. त्यातून अंडी आली आणि ती मुलांनी खाल्ली. मुलं समोर बसलेली असताना कोणती आई एकटी अंडं खाईल? झारखंडमध्ये सगळ्या घराला शिधा दिला तो उगीच नाही. आपल्याकडे घरातल्या इतरांचा शिधा मात्र देणगीदारांच्या मर्जीवर सोडला आहे.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. रेशनवर गहू-तांदळाबरोबर डाळ आणि तेल हक्काने मिळावं. ज्वारी, बाजरी, नाचणी नियमित मिळावी. २०२३ साली भरडधान्यांचं वर्ष साजरं झालं, त्यांना 'श्री अन्न' म्हटलं गेलं, पण मजुरी करणाऱ्या बाईला ज्वारीची भाकरी गव्हाच्या पोळीपेक्षा महाग पडते. क्षयरोग्याच्या पूर्ण कुटुंबाला सरकारने शिधा द्यावा. अंगणवाडीतलं जेवण गरोदर नसलेल्या गरीब बाईलाही मिळावं.

आणि एक मागणी घराकडे आहे. सगळ्यांनी एका वेळी बसून जेवायचं आणि भाजी, डाळ आधी सारखी वाटून घ्यायची. हे रेशनच्या मोर्चाहून अवघड आहे, मला ठाऊक आहे. बैठकीतली एकजण म्हणाली, "ताई, मी आधी वाढून घेतलं तर सासू म्हणेल, हिला भूक आवरत नाही." तिला दुसरीने उत्तर दिलं, "म्हणू दे की. भूक लागते हे खरंच आहे."

प्रत्येक गटाने महिनाभर एक वही ठेवावी. स्वयंपाक काय केला ते त्यात लिहायचं नाही, स्वतः काय खाल्लं तेवढंच लिहायचं. आपल्या नोंदी आम्हाला कळवा, पुढच्या अंकात त्या छापू आणि त्यांच्या आधारे मागण्यांचं निवेदन तयार करू.

आपली,
संपादक