पांढऱ्या कार्डाची लाज

नागपुरातल्या मनीषनगरच्या रेल्वे फाटकासाठी आपण किती वर्षं भांडलो, आठवतं ना? निवेदनं दिली, वर्तमानपत्रांकडे गेलो, नगरसेवकाला घेरलं. भर उन्हात स्कूटर बंद करून, पोरांचे डबे हातात धरून उभं राहायचो आणि मालगाडी काही संपायची नाही. शेवटी 2020 मध्ये उड्डाणपूल झाला, खालूनही रस्ता निघाला. फाटकावर जाणारी पंधरा मिनिटं हा सगळ्यांचा प्रश्न आहे, हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नव्हतं. मग कॅन्सरचं बिल तेवढं ज्याचं त्यानं भरायचं, हे कुणी ठरवलं?

आमच्याच बिल्डिंगमधले एक निवृत्त शिक्षक. पत्नीला स्तनाचा कर्करोग झाला आणि चार महिने आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. ‘मुलीकडे गेली आहे,’ असं ते सांगायचे. आम्हाला कळलं ते त्यांनी फ्लॅट विकायला काढल्यावर, आणि तेही दलालाकडून. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी समोर ठेवली. तिच्यात बायोप्सीचा रिपोर्ट, पेट स्कॅनची सीडी, केमोच्या एकेका सायकलचं बिल आणि औषधांच्या पावत्यांची चळत होती. काही पावत्यांवरची शाई उडून नुसता पांढरा कागद उरला होता. सर त्या उजेडाकडे धरून आकडे वाचू बघत होते. आयुष्यभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस तो.

विमा नव्हता असं नाही. तीन लाखांची पॉलिसी होती आणि खोलीभाड्याची मर्यादा रोजची तीन हजार. दवाखान्यात सहा हजारांची खोली मिळाली, ती त्यांनी घेतली. भाड्यातला फरक आपण भरू, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण खोली मर्यादेबाहेर गेली की सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. हातमोज्यांसारख्या वस्तू तर कंपनी मोजतच नाही. हे त्यांना पॉलिसी घेताना कुणीही सांगितलं नाही. सांगितलं होतं ते वेगळंच: ‘बीपी-शुगर लिहू नका ना सर, उगाच प्रीमियम वाढते.’ सरांनी लिहिलं नाही. पुढे कंपनीनं तेवढ्यावर बोट ठेवलं आणि उरलेला क्लेमही अडकला. आताच्या नियमानुसार जुना आजार खरा सांगितला तर त्यासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. तो लपवला तर विम्याचा पायाच जातो. एजंटाला दोष द्यायचा तर द्या, पण फॉर्मवर सही आपली असते. शेजाऱ्यानंही असंच केलं, भावानंही असंच केलं, म्हणून आपणही केलं. खोटं लिहिणं ही आपली रीत होऊन बसली आहे.

मी सरांना विचारलं, ‘फुले योजनेत गेलात का?’ ते चमकले. म्हणाले, ‘नाही जी. आपण काय पिवळ्या कार्डवाले आहोत का?’

ते वाक्य ऐकल्यापासून मला चैन नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना 1 जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्यांसाठी आहे. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन त्यात बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. सरांचं पांढरं कार्ड कपाटात होतं, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, अगदी जपून ठेवलेलं. ते बाहेर काढायची त्यांना लाज वाटली. फ्लॅट विकायला काढताना वाटली नाही.

ही लाज त्यांना कुणी दिली? आपण दिली. ‘योजनेचा पेशंट’ हे शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो, त्या सुरातून ती आली. दवाखान्यात आपल्या शेजारच्या खाटेवर योजनेचा पेशंट आला की तोंड वाकडं करणारे आपणच. माणसाची पायरी ठरवायची ही जुनी खोड आहे. पूर्वी ती पाणवठ्यावर दिसायची, आता केमोच्या वॉर्डात दिसते. आणि नाव कुणाचं आहे त्या योजनेला? जोतीरावांचं. सावित्रीबाईंनी प्लेगच्या साथीत मुंढव्याहून एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंताच्या दवाखान्यात आणलं, आणि त्याच प्लेगनं 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. पाठीवर घेताना त्यांनी कार्डाचा रंग विचारला नव्हता.

आपल्या नागपुरात तर एवढं अज्ञान शोभतच नाही. मानेवाडा रोडवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. महाराज स्वतः 1968 मध्ये याच रोगानं गेले. मिहानमध्ये एम्स आहे. जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मनीषनगरहून वर्धा रोडनं सरळ. दूरदूरच्या गावांहून माणसं इथे येतात, आणि आपण त्याच रस्त्यानं रोज जाऊन आपल्याच घरातला रोग लपवतो.

बाईच्या बाबतीत तर विचारूच नका. गाठ हाताला लागली तरी ती सांगत नाही. दिवाळी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे, मग बघू. गाडीचा विमा एक दिवस चुकला तर घरात आरडाओरडा होतो, आणि आईच्या नावानं पॉलिसी आहे की नाही हे घरातल्या कुणाला ठाऊक नसतं. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतल्या शंभरातल्या जेमतेम 19 जणांना आरोग्याच्या खर्चाचं काही संरक्षण होतं, खेड्यांत 14 जणांना. तेव्हापासून योजना वाढल्या. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा 18 टक्के जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून गेला. तरी आपल्याला प्रीमियम महागच वाटतो. चौकातल्या ठेल्यावर पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा तीस रुपयांचा धरला आणि दिवसाला तीन धरले, तर वर्षाचे 32 हजारांवर जातात. तो खाणाऱ्याला मी शिव्या देत नाही. पण पाहुण्यापुढे तीच पन्नी उघडणाऱ्या, लग्नाच्या मांडवात खर्र्याची सोय करणाऱ्या समाजाला मी विचारतो: तोंड उघडेनासं झालेल्या पोराच्या बापाला तुम्ही मग कोणत्या तोंडानं धीर देता?

विमा असला, योजना असली म्हणजे सगळं भागतं असं मी म्हणत नाही. वर्षभर चालणारी नवी इंजेक्शनं पाच लाख कधी संपवतात कळत नाही. भरती न होता केलेल्या तपासण्यांचे पैसे बहुतेकदा खिशातूनच जातात. म्हणून तर फाटकासाठी भांडलो तसं याच्यासाठी भांडायला हवं. पण आपण काय करतो? व्हॉट्सॲपवर पेशंटचा फोटो आणि खाते क्रमांक फिरवतो, पाचशे रुपये टाकतो, हात जोडल्याची खूण पाठवतो. मदत वाईट नाही. पण त्याच माणसाचं कार्ड चालू आहे का, हे महिन्याभरापूर्वी विचारलं असतं तर तो फोटो फिरवावा लागला नसता.

मी ते आमच्याच बिल्डिंगमध्ये विचारायला सुरुवात केली. पाच घरी धुणं-भांडी करणाऱ्या मावशींनी दुसऱ्या दिवशी कार्ड आणलं. दुधाच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं, कडा फाटलेल्या. त्यावर मेलेल्या सासूचं नाव होतं, शहर सोडून गेलेल्या दिराचं होतं. मावशींचं स्वतःचं नव्हतं. लग्नाला बावीस वर्षं झालीत म्हणाल्या. मी विचारलं, ‘आजवर कुणी बघितलं नाही का हो हे?’

‘कोण बघणार जी? कामावर कुणी मागतलंच नाही कधी.’